हाफ इंजिनचं फुल इंजिन होऊ नये म्हणून

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांवरची प्रवासवर्णनं वाचली की इथे येणारा माणूस फक्त चढतो, अशी समजूत होते. तो शिवनेरी चढतो, लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढतो, चावंड-जीवधनच्या कातळातल्या पायऱ्यांवर आयुष्यातल्या सगळ्या चुका आठवत चढतो. भीमाशंकरला मात्र पायऱ्या उतरून देवाकडे जावं लागतं, पण येताना त्याच चढाव्या लागत असल्याने हिशेब चुकत नाही. बंद पडण्याबद्दल कोणीच लिहीत नाही. वास्तविक शनिवारी पहाटे पुण्याहून निघालेला मोटारसायकलवाला या भागात जी ठिकाणं निवांत पाहतो, त्यांत गॅरेजचा नंबर बराच वर लागतो. शिवनेरीला तो दोन तास देतो, ओझरच्या विघ्नहराला रांग बघून अर्धा तास देतो. पण आळेफाट्याच्या किंवा घोडेगावच्या गॅरेजात, पत्र्याच्या सावलीत जुन्या टायरवर बसून, अख्खी दुपार देतो. अशा दुपारींमध्ये सर्वांत प्रेक्षणीय दुपार म्हणजे दुरुस्ती चालू असताना इंजिनात काहीतरी पडतं ती. माझं म्हणणं एवढंच, की अशा वेळी पहिला उपाय काहीही न करणं हाच आहे, आणि काहीही न करण्याच्या सोयी या दोन तालुक्यांत जितक्या आहेत तितक्या पुणे शहरात नाहीत.

पडतं कसं, ते आधी पाहू. वाऱ्यावर थंड होणाऱ्या इंजिनाला दोन गोष्टी लागतात, वारा आणि ऑइल. घाटघरच्या चढावर दोन माणसं, दोन सॅक आणि एक तंबू घेऊन पहिल्या गिअरवर रांगणाऱ्या गाडीला वारा मिळत नाही. शंभर सीसीच्या इंजिनात ऑइल असतं साधारण लिटरभर. त्यातलं किती उरलंय हे दाखवणारी काडी कंपनीने झाकणालाच लावून दिलेली असते. पण ते झाकण फिरवून बघणं हे हेल्मेटवर कॅमेरा बसवण्याइतकं तातडीचं कोणाला वाटत नाही. पिस्टन जॅम होतो. गाडी पिकअपमध्ये आडवी-उभी होत गॅरेजला येते. हेड उतरतं, ब्लॉक निघतो. पिस्टन कनेक्टिंग रॉडला एका पोकळ पिनेने जोडलेला असतो आणि ती पिन सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना पोलादी तारेची एकेक रिंग बसवलेली असते. कॅटलॉगात तिला सर्क्लिप म्हणतात, गॅरेजात नुसतं लॉक. रुंदी दीड सेंटीमीटरच्या आत. नोज प्लायरने तिचं टोक धरून आत दाबायचं आणि ओढायचं. स्प्रिंगच्या पोलादाची चीज ती. निसटली की तोंड असेल तिकडे उडते, आणि नेमकं त्याच वेळी ब्लॉक निघाल्यामुळे चेंबरचं, म्हणजे क्रँक फिरतो त्या पेटीचं, तोंड आ वासून उघडं असतं. टिण असा बारीक आवाज होतो. क्षणभर कोणी बोलत नाही. मग गॅरेजवाला हाताखालच्या पोराला न बघताच सांगतो, ‘किकला हात लावू नको रे.’

या एका वाक्यात सगळं शास्त्र आलं. पण ते बाहेरगावच्या पाहुण्याला पटत नाही, कारण या शोधाचा हेतूच उफराटा आहे. काढलेलं लॉक पुन्हा बसवत नाहीत. त्याचा ताण गेलेला असतो, आणि नवी जोडी चहाच्या पैशांत मिळते. म्हणजे अर्धा दिवस घालवून जी वस्तू शोधायची, ती सापडल्या सापडल्या भंगाराच्या डब्यात टाकायची. अष्टविनायकाला निघालेल्या माणसाला हे समजावणं अवघड जातं. दर्शन घडावं म्हणून चाललेली ही यात्रा नव्हे. ती वस्तू आत उरलेली नाही, एवढी खात्री हवी आहे, आणि ती खात्री वस्तू हातात आल्याशिवाय होत नाही. ‘नसेल बहुतेक’ हे उत्तर ग्रामसभेत खपतं, चेंबरमध्ये नाही. आणि शोध फसला तर चेंबरचे दोन भाग करावे लागतात. क्लच, मॅग्नेट, गिअर सगळं बाहेर, सगळी पॅकिंग नवी, आणि हाफ इंजिनचं, म्हणजे हेड-ब्लॉकपुरतं, म्हणून ठरलेलं काम बघता बघता फुल इंजिनवर जातं.

म्हणून पहिला प्रश्न लॉक आत पडलं का, हा. कुठे गेलं हे नंतर. उडालेलं लॉक इंजिनात जाण्याआधी त्याला जायला बाहेरच्या जागा पुष्कळ असतात: ऑइलच्या ट्रेमध्ये, सीटच्या फोममध्ये, पोराच्या शर्टाच्या खिशात, पाहुण्याच्या महागड्या बुटात. हे तपासायला मोजदाद लागते, आणि मोजदादीच्या बाबतीत जुन्नर तालुक्याने कोणाचं ऐकून घेण्याचं कारण नाही. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळचा लेख आहे; त्यात यज्ञांत दान दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि नाणी आकड्यांनिशी नोंदवलेली आहेत, आणि भारतातल्या जुन्यात जुन्या अंकचिन्हांमध्ये त्यांची गणना होते. इसवी सनापूर्वी या डोंगरात गायी मोजून ठेवता येत होत्या, तर दोन लॉक, चार स्टड आणि दोन डॉवेल ताटलीत मोजून ठेवायला आज काय हरकत आहे? विमानांच्या देखभालीत हेच करतात: फळीवर प्रत्येक पान्याची आकृती काढलेली असते, रिकामी आकृती दिसली की विमान उडत नाही. जाता जाता, नाणेघाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता असं सांगतात. बारीक धातूची वस्तू आत टाकायची म्हणूनच केलेलं भांडं अख्ख्या टापूत तेवढं एक; गाडीचं चेंबर त्यासाठी नाही.

मोजलं, आणि एक लॉक कमी भरलं, तर मग बसून विचार करायचा. आत गेलेली वस्तू हरवत नाही. ती उताराने जाते, आणि उतार ठरलेला असतो. कुकडी प्रकल्पात डिंभ्याचं पाणी डाव्या कालव्याने आणि माणिकडोहचं नदीतून, शेवटी येडगावच्या धरणात येतं, त्याला कोणी वाट दाखवत नाही. तसं इंजिनातलं सगळं ऑइल फिरून फिरून तळाशी येतं, आणि सुटलेली वस्तू आज ना उद्या त्याच तळाकडे निघते. प्रश्न एवढाच, की सध्या ती वाटेत कुठे थांबली आहे. इथे गाडीची जात बघावी लागते. बुलेटसारख्या उभ्या सिलिंडरच्या गाडीत चेंबरचं तोंड आभाळाकडे असतं. लॉक सरळ क्रँकच्या दोन चाकांमधून खाली जातं. स्प्लेंडरचा सिलिंडर जवळजवळ आडवा. तिचं चेंबर समोर बघतं, त्यामुळे लॉक पुष्कळदा तोंडाच्या काठावरच ऑइलला चिकटून बसलेलं असतं आणि पहिली टॉर्च लागताच चकाकतं. अर्थात त्याआधी कोणी किक मारून क्रँक फिरवला नसेल तर. फिरवला, की काठावरचं लॉक चाकाबरोबर मागे जातं, चेंबरच्या भिंतीत आणि चाकात सापडतं. भिंत ॲल्युमिनियमची आणि लॉक पोलादाचं. या कुस्तीचा निकाल सांगायला पंच लागत नाही.

टॉर्चने दिसलं नाही तर चुंबक. बाजारात घडीची चुंबककांडी मिळते, पण इकडच्या गॅरेजात बहुधा मेलेल्या स्पीकरमधून काढलेलं चुंबक असतं. ते फटीत जात नाही, म्हणून ते सायकलच्या स्पोकच्या वरच्या टोकाला चिकटवायचं. खालचं टोकही ओढायला लागतं. यातली अडचण अशी, की आत क्रँक, रॉड, बेअरिंग सगळी पोलादाचीच. स्पोक प्रत्येकाच्या गळ्यात पडतो. त्यावर उपाय म्हणजे स्पोकवर पेट्रोलच्या पाइपाचा तुकडा चढवायचा आणि टोक तेवढं उघडं ठेवायचं. तांब्याचा वॉशर पडला असेल तर चुंबकाचा उपयोग शून्य. तेव्हा टोकाला घट्ट ग्रीसचा गोळा. हेही फसलं तर ऑइल सोडायचं, पण मोरीत नाही, स्वच्छ ट्रेमध्ये कापडातून गाळून. त्यानंतर गाडी कलती करायची, मग क्लचचं कव्हर उघडून ऑइलची जाळी बघायची. स्वस्ताकडून महागाकडे, हा क्रम. चेंबर फोडणं सर्वांत शेवटी.

या प्रत्येक पायरीच्या मध्ये थांबायचं असतं, आणि तिथेच खरा त्रास सुरू होतो, कारण बाकावर मंडळी जमलेली असतात. एक जण कांद्याची पट्टी घेऊन ओतूरहून परत निघालेला, एक जण टोमॅटोचे क्रेट नारायणगावला उतरवून आलेला, एक जण कोणाचा कोण हे कोणालाच ठाऊक नाही. ‘पाव्हणं, उलटी करा गाडी, पडंल खाली.’ ‘डिझेल ओता.’ ‘किक मारा दोन, आपोआप येतंय.’ या सूचना चुकीच्या असतातच असं नाही. त्यांचा क्रम चुकीचा असतो. गाडी कलती करणं पाचव्या पायरीला शहाणपणाचं आहे, पहिल्या पायरीला त्याने काठावरचं लॉक गिअरांमध्ये जातं. गंमत अशी की जवळच खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. ८ अब्जांहून अधिक वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची कुजबुज त्यांनी ऐकली, हे २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालं. ते साधलं ते वाटेतल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखी ती कुजबुज मोठी केली म्हणून, आणि आजूबाजूचा गोंगाट वेगळा काढता आला म्हणून. पेट्रोलच्या गाडीच्या प्लगची ठिणगीही रेडिओलहरी फेकते. अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या दुर्बिणीजवळ म्हणूनच डिझेलच्या गाड्या चालतात, पेट्रोलच्या नाही. त्या न्यायाने जॅम झालेली मोटारसायकल ही खगोलशास्त्राला केलेली मदतच आहे. बाकावरच्या मंडळींचा गोंगाट वेगळा काढणारं यंत्र मात्र अजून निघालेलं नाही.

यावर आक्षेप येतात. पहिला आक्षेप आळशी माणसाचा: राहू द्या आत, बसेल तळाशी गप्प. पण इंजिनात गप्प बसणारं काही नसतं. अशा बहुतेक गाड्यांत क्लच आणि गिअर त्याच ऑइलात फिरतात आणि मिनिटाला हजारो फेऱ्यांनी ते ढवळतात. लहान वस्तूची हेळसांड मोठ्या यंत्रांनाही पचत नाही. १९८० च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात, डमॅस्कस गावाजवळ, टायटन-२ क्षेपणास्त्राच्या देखभालीत एकाच्या हातून पान्याचं सॉकेट निसटलं, खोल विवरात आपटून उसळलं आणि इंधनाच्या टाकीला भोक पाडून गेलं. काही तासांनी विवराचा स्फोट झाला, एक सैनिक गेला. ते सॉकेट साडेतीन किलोंहून जड होतं हे खरं, पण त्या क्षेपणास्त्राच्या मानाने ते लॉकच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गाडी सरळ पुण्याला, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यावी. पुणे-नाशिक रस्त्यावर पुण्याच्या वाटेला चाकण लागतं, तिथे मोटारसायकली बनतात. त्यामुळे दक्षिणेकडे जावं तसं ज्ञान वाढत जातं, असं प्रवाशाला वाटणं स्वाभाविक आहे. चेंबर फोडायचंच ठरलं तर तिथे मॅग्नेट ओढायचा पुलर, टॉर्क रेंच, सगळं नीट मिळेल, हे मान्य. पण त्याआधीच्या सगळ्या पायऱ्यांना लागतं ते स्पोक आणि चुंबक, आणि पुण्याचं चुंबक जास्त ओढतं असा पुरावा नाही. शिवाय पडल्या क्षणी लॉक कुठे आहे याचा जो अंदाज असतो, तीच या कामातली सगळी पुंजी. नारायणगावहून पुणं ७५ किलोमीटरच्या आसपास. पिकअपमध्ये उघड्या चेंबरने तेवढे खड्डे आणि गतिरोधक खाल्ले की ती पुंजी वाटेत सांडते. सर्व्हिस सेंटरला पोचते ती गाडी आणि एक तक्रार.

तिसरा आक्षेप मात्र मान्यच करावा लागतो: लॉक काढण्याआधी चेंबरच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबलं असतं तर हे घडलंच नसतं. कोणतंही मॅन्युअल हेच सांगतं. गॅरेजवाल्यालाही ते ठाऊक असतं. पण गॅरेजातलं एकुलतं एक स्वच्छ कापड त्या वेळी पाहुण्याला बसायला टायरवर अंथरलेलं असतं.

राहिला वेळेचा प्रश्न. शोधाला थांबे घ्यावेत तर थांब्यात करायचं काय? इथे जुन्नर-आंबेगावची बाजू भक्कम आहे. नारायणगावात मासवडी आणि तिचा तिखट रस्सा आहे. तो भुरकणाऱ्याला दुसऱ्याच्या हातातल्या किकची घाई होत नाही. मंचरला बाजार आहे. घोडेगावहून डिंभ्याचं धरण जवळ आहे, ज्याच्या पाण्याखाली तालुक्याला नाव देणारं आंबेगाव गेलं. संध्याकाळपर्यंत लॉक मिळालं नाही तर शटर खाली ओढायचं. रात्री घाईने कंदिलात शोधण्यापेक्षा ते बरं, आणि बिबट्यांसाठी माणिकडोहला स्वतंत्र निवारा केंद्र असलेल्या तालुक्यात अंधार पडल्यावर उसाच्या कडेने पायी हिंडण्यापेक्षा तर फारच बरं. लॉक रात्रभर कुठे जात नाही. इतकंच काय, ऑइल निथळल्यावर सकाळच्या तिरप्या उजेडात काठावरची वस्तू आदल्या दिवशीपेक्षा स्वच्छ दिसते.

मजुरीचा वाद उरतो. लॉक गॅरेजवाल्याच्या प्लायरमधून उडालं, म्हणून शोधण्याचे पैसे त्याने मागू नयेत, असं पाहुणा म्हणणार; काडी बाहेर काढून ऑइल बघितलं असतं तर ब्लॉकच उतरवावा लागला नसता, असं गॅरेजवाला म्हणणार. दोघांचंही बरोबर आहे. त्यामुळे सहसा असं ठरतं, की शोधाची मजुरी कोणी लावायची नाही, नव्या लॉकच्या जोडीचे पैसे पाहुण्याचे, आणि चहाचेही पाहुण्याचेच, बाकावरच्या सगळ्यांच्या. त्यांत तो कोणाचा कोण असलेला गृहस्थही आला, आणि तो साखर जास्त घेतो.