रॅम महागली म्हणे!

"अगं, बर्डीवरचा भाव ऐकला का?" काकूंनी भिंतीवरून मान काढली, तेव्हा मला वाटलं सोन्याचं सांगून राहिल्या. चैत्र लागला की नागपुरातल्या आमच्या लेआउटात सोनं अन् मूगडाळ या दोनच भावांची चर्चा असते. पण काकूंचा संताप वेगळा होता. नातवाला कॉम्प्युटर असेंबल करायचा होता. मागल्या पावसाळ्यात दुकानदारानं कोटेशन लिहून दिलं, पोरगा म्हणाला परीक्षा होऊ द्या. परीक्षा झाली, दिवाळी झाली, संक्रांत झाली. आता पैसे घेऊन गेला तर तेच दुकान, तीच रॅम, अन् भाव दुपटीच्याही वर.

"लुटून राहिले बाप्पा! मी म्हटलं, काय सोनं घातलं का त्या पट्टीत?"

"असते काकू, थोडं असते," उजवीकडच्या भिंतीवरून आवाज आला. "कडेले जे पिवळे दात दिसतात नं, त्याले सोन्याचा मुलामा असते."

हे भाऊजी. कोराडीच्या वीज केंद्रातून रिटायर झाले, पण शिफ्ट इंजिनिअरचा आवाज काही रिटायर झाला नाही. माझ्या डाव्या हाताला काकू, उजव्या हाताला भाऊजी, अन् मधल्या माझ्या अंगणावरून दोघांची चर्चा. मी फक्त मान फिरवायची. त्या दिवशी माझ्या कुरड्या गच्चीवर होत्या, हाताला काम नव्हतं, म्हणून मीही रमले.

भाऊजींचं म्हणणं, दुकानदाराला शिव्या देण्यात अर्थ नाही. जगात या मेमरी चिप मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्या कंपन्या तीनच. कोरियाच्या सॅमसंग अन् एसके हायनिक्स, अमेरिकेची मायक्रॉन. अन् तिघींचाही डोळा आता एआयवाल्या गिऱ्हाइकावर.

"म्हणजे? त्यांची रॅम काय वेगळी असते?"

इतक्यात नातूच बाहेर आला. व्हीएनआयटीत इलेक्ट्रॉनिक्सला आहे. हातात जुन्या कॉम्प्युटरची रॅम होती, ती त्यानं भिंतीवर ठेवली. बोटभर रुंदीची हिरवी पट्टी, तिच्यावर आठ काळे चौकोन ओळीनं बसलेले. "आजी, हे आठ चौकोन इथं शेजारी शेजारी आहेत नं, एआयसाठी असे थर एकावर एक रचतात. आठ, नाहीतर बारा. आरपार बारीक भोकं पाडून जोडतात, अन् तो मनोरा मुख्य चिपच्या अगदी अंगाला चिकटवून बसवतात. त्याला हाय बँडविड्थ मेमरी म्हणतात. कारखाने तेच, सिलिकॉनच्या चकत्या त्याच. चकती तिकडं गेली की आपल्याला उरत नाही. अन् त्या मेमरीत नफा जास्त."

मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये सरळ जाहीर केलं की क्रुशियल नावानं आपण किरकोळ गिऱ्हाइकाला जी रॅम विकतो, तो धंदाच बंद. वर्षानुवर्षं बर्डीच्या बाजारातल्या काउंटरवर ते पाकीट लटकलेलं पाहिलं आहे मी.

"पण मायक्रॉनचा कारखाना गुजरातेत आला ना? साणंदले? मग आपल्याले स्वस्त नाही देत का?"

काकूंचा हा प्रश्न बिनतोड होता. पण साणंदला चिप जन्मत नाही. बाहेरून आलेली तयार चकती कापायची, डबीत बसवायची, तपासायची, एवढं काम तिथलं. भाव ठरतो जगाच्या बाजारात. काकूंना हे पटलं नाही. गुजरातचं नाव निघालं की त्यांना काहीच पटत नाही.

"एआयच्या या गोष्टीत तो जॅकेटवाला कोण मग? पेपरात येते तो," मी म्हटलं. बाईमाणसानं गप्पांत निदान एक तरी श्रीमंत माणूस आणावा, त्याशिवाय रंगत नाही.

"जेन्सन हुआंग!" नातवाचे डोळे चमकले. एन्व्हिडियाचा मालक म्हणा, कर्ता म्हणा. जन्म तैवानचा, लहानपणीच अमेरिकेत गेला. पोरवयात डेनीज नावाच्या हॉटेलात भांडी घासली, टेबलं पुसली. अन् १९९३ साली दोन मित्रांसोबत कंपनी काढायचं ठरलं तेही डेनीजच्याच एका हॉटेलात बसून. आधी पोरांच्या व्हिडिओ गेमसाठी चिप काढायचे. पुढं लक्षात आलं की एकाच वेळी हजारो छोटे हिशोब करणारी ही चिप एआयला नेमकी लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईला आला होता, अंबानींसोबत स्टेजवर बसून गप्पा मारून गेला. अन् साधारण एका वर्षानं, २९ ऑक्टोबर २०२५ ला, त्याच्या कंपनीची बाजारातली किंमत ५ लाख कोटी डॉलरवर गेली. इतकी किंमत झालेली जगातली पहिली कंपनी.

"आपल्या अख्ख्या देशाचं वर्षाचं उत्पन्न त्याहून कमी आहे," भाऊजी म्हणाले. हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर मीही वाचलं आहे. खरं आहे, पण शेअरचा भाव अन् देशाची वर्षाची कमाई या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी. त्यांना एका तराजूत घालायचं म्हणजे नुसता दचका द्यायचा.

काकू मात्र दचकल्या नव्हत्या. त्या भांड्यांपाशीच अडकल्या होत्या. "भांडी घासली म्हणतोस? अन् तुले स्वतःचं ताट उचलाले जमत नाही!"

नातू घाईघाईनं पुढं सरकला. गंमत म्हणजे या एन्व्हिडियाचा चिप बनवायचा स्वतःचा एकही कारखाना नाही. ती फक्त आराखडा काढते. बनवते तैवानची टीएसएमसी, १९८७ साली निघालेली. टीएसएमसीला ज्या यंत्रानं चिपवर सगळ्यात बारीक रेघा छापायच्या, ते यंत्र जगात एकच कंपनी करते, नेदरलँड्सची एएसएमएल. मेमरी कोरियाची. म्हणजे दुकान एकाचं, अन् मुदपाकखाने तीन देशांत. एन्व्हिडियाची एच १०० नावाची चिप घ्या. तिच्यात ८,००० कोटी ट्रान्झिस्टर. नवी होती तेव्हा एकेक नग साधारण २५-३० लाख रुपयांना जायचा, तोही रांगेत उभं राहून.

इथं मी चुकून म्हटलं, "आपल्याकडं येणार होता ना असा कारखाना?" अन् मग पाऊण तास गेला.

नागपूरच्या माणसाला हा विषय म्हणजे दुखरी दाढ आहे. वेदांता अन् फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटींचा प्रकल्प पुण्याजवळच्या तळेगावला येणार असं वातावरण होतं. १३ सप्टेंबर २०२२ ला त्यांनी करार केला गुजरातशी. पुढच्याच महिन्यात टाटा-एअरबसचा विमानांचा कारखाना बडोद्याला जाहीर झाला. तो नागपूरच्या मिहानात येईल म्हणून आमच्याकडं प्लॉटचे भाव मनातल्या मनात वाढवून झाले होते. काकूंच्या दिरानं तर मनीषनगरचा प्लॉट त्याच भरवशावर विकला नाही. हे त्यांनी आवाज बारीक करून सांगितलं, पण भाऊजींना ऐकू जाईल इतकाच.

"आला असता तं आज आपल्या पोट्ट्यायले रॅम फुकट भेटली असती," भाऊजी.

"काका, नसती भेटली," नातू म्हणाला. "पहिली गोष्ट, गुजरातेत तरी कुठं झाला? जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन बाहेर पडली. अन् दुसरी गोष्ट, त्यात २८ नॅनोमीटरच्या चिप होणार होत्या. आता टाटा धोलेऱ्याला ९१ हजार कोटींचा कारखाना उभा करून राहिले, तोही २८ अन् त्याच्या वरच्याच चिपचा. एआयची चिप त्याहून कितीतरी बारीक, ४-५ नॅनोमीटरच्या घरातली. ती तळेगावलाही झाली नसती अन् धोलेऱ्यालाही होणार नाही."

मला हे नवं होतं, अन् खरं सांगायचं तर जरा ओशाळवाणंही. तीन वर्षं आपण जे गेलं म्हणून रडलो, ते हे नव्हतंच. २८ नॅनोमीटरच्या चिपला किंमत नाही असं नव्हे. गाडी, टीव्ही, वॉशिंग मशीन, सगळं त्यांवरच चालतं. पण एआयचा सोन्याचा हंडा अन् ही खाण यांचा संबंध नाही.

"रोजगार तं भेटला असता ना बे!" भाऊजी चिडले. हेही खरं.

भाऊजींना हरणं आवडत नाही. त्यांनी बाजू बदलून अमेरिकेवर मोर्चा नेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेनं चीनला भारी चिप विकायला बंदी घातली. जानेवारी २०२५ मध्ये जगाचीच वर्गवारी केली. जवळच्या १८ देशांना मोकळं रान, बाकीच्यांना मोजून चिप, अन् आपण बाकीच्यांत. मे महिन्यात ट्रम्प सरकारनं तो नियमच गुंडाळला. अन् डिसेंबरात त्याच चीनला एन्व्हिडियाची एच २०० चिप विकायला परवानगी, फक्त विक्रीतले २५ टक्के अमेरिकी सरकारला द्यायचे.

"म्हणजे हप्ता," काकूंनी एका शब्दात व्यापारनीती संपवली.

"अन् हे काही आजचं नाही काकू. मुरंबा माहीत आहे का?"

"कैरीचा?"

"गाव! अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूरकडचं. विजय भटकर तिथले. आपल्याच इथं शिकले, साउथ अंबाझरी रोडवर. तेव्हा त्याले व्हीआरसीई म्हणत, आज हा पोट्टा जाते तेच कॉलेज. १९६५ ले इंजिनिअर झाले."

मग परम सुपरकॉम्प्युटरची कथा झाली. नागपुरात ती दर वेळी जरा वाढीव सांगतात, म्हणून मी कान टवकारून बसले. ऐंशीच्या दशकात भारतानं अमेरिकेकडं मोठा क्रे सुपरकॉम्प्युटर मागितला. त्यांनी तो नाकारला. हवामानाच्या अंदाजासाठी लहान दिला, तोही अटी घालून. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक निघालं, भटकरांकडं काम आलं, अन् १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. एक प्रचंड मेंदू मिळत नाही ना, मग बरेच लहान मेंदू एकत्र जोडा अन् कामं वाटून द्या, ही त्यातली युक्ती. आज एआयचे कारखाने हजारो चिप एकत्र जोडून नेमकं हेच करतात.

भाऊजी एक गोष्ट गाळतात ती मी भरते. परममधल्या चिप आपल्या नव्हत्या. ट्रान्सप्युटर नावाच्या त्या चिप इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या. आपली अक्कल होती जोडण्यात अन् सॉफ्टवेअरात. यानं भटकरांचं काम लहान होत नाही, पण पस्तीस वर्षांनंतरही चिप दुसऱ्याची अन् जोडणी आपली हीच तऱ्हा आहे. सरकारनं एआय मिशनमधून ३८ हजार चिप जमवल्या अन् तासाला ६५ रुपयांच्या आसपास भाड्यानं द्यायला काढल्या. चांगलंच केलं. पण त्या चिप परक्याच.

"एआयचं आपल्याले काय करायचं म्हणा," काकू म्हणाल्या. तर नागपुरातली २३ पोलीस ठाणी तपासात एआय वापरून राहिली आहेत. मार्व्हल नावाची राज्य सरकारची कंपनीच इथं आहे. ठाण्यांतल्या या एआय प्रणालीला महाक्राइमओएस म्हणतात. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे सत्या नाडेला मुंबईत आले, तेव्हा ती राज्यातल्या १,१०० ठाण्यांत नेणार म्हणून जाहीर झालं. ओटीपी सांगून पैसे गमावले तर तुमची तक्रार कुठल्यातरी डेटा सेंटरातल्या चिपपुढं जाणार. काकूंनी पदर सावरला. मागं त्यांच्या बहिणीचं असंच काहीतरी झालं होतं, पण त्यावर त्या बोलत नाहीत.

तेवढ्यात वारा सुटला अन् काकूंनी स्वतःच्या गच्चीकडं पाहिलं. पापड घातले होते. "कोराडीकडून आला तं पुन्हा राख बसेल."

आता खरा विषय निघाला. भाऊजींचा चेहरा गंभीर झाला, कारण राखेचं नाव निघालं की ते आरोपीही असतात अन् साक्षीदारही. कोराडी अन् खापरखेडा, दोन्ही औष्णिक केंद्रं शहराच्या उशाला. राख आमच्याकडं, वीज राज्यभर. कोराडीला ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच आणायचं ठरलं, मे २०२३ च्या भर उन्हात त्याची जनसुनावणी झाली, अन् किती विरोध झाला ते नागपूरकर विसरलेले नाहीत. देशातली सगळ्यात जास्त डेटा सेंटरं मुंबई-नवी मुंबईत. आता अमुक युनिट कोराडीतून निघालं अन् थेट पनवेलच्या डेटा सेंटरातल्या चिपमध्ये शिरलं असं ग्रिडमध्ये कोणाला दाखवता येत नाही. पण वीज लागणार तर कुठंतरी कोळसा जळणार, अन् राज्यातला बराचसा कोळसा विदर्भात जळतो.

"किती वीज खाते ही चिप?" मी विचारलं.

"एच १०० पूर्ण जोरात चालली तर ७०० वॅट," नातू म्हणाला.

"म्हणजे आपले चार कूलर," भाऊजींनी लगेच हिशोब लावला. तळहाताएवढ्या वस्तूत चार कूलर! बरं, कूलर गार तरी करतो. ही नुसती तापते, अन् तिला गार करायला पुन्हा वीज, पुन्हा पाणी. २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश पाहिलेल्या गावाला याहून भीतीदायक काय सांगावं.

भाऊजींनी खिशातलं पेन काढलं. मार्च २०२४ मध्ये योट्टा कंपनीनं नवी मुंबईजवळच्या केंद्रात चार हजारांवर एच १०० आणल्या. गुणिले ७००. "२.८ मेगावॅट. हे तं काहीच नाही वहिनी! आमचा एक संच ६६० चा." त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. मग नातवानं सांगितलं की ओपनएआय अन् एन्व्हिडियानं सप्टेंबर २०२५ मध्ये १० गिगावॅटचा बेत जाहीर केला. भाऊजींनी पेन पुन्हा टेकवलं. दहा हजार मेगावॅट. चारहून जास्त कोराड्या. एका गिऱ्हाइकासाठी.

ते बराच वेळ बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत बराच वेळ म्हणजे पाऊण मिनिट.

मला विचाराल तर नागपूरकरानं चिपचा कारखाना का नाही आला म्हणून भांडण्यापेक्षा, डेटा सेंटरची वीज कोणत्या चिमणीतून येणार अन् तिची राख कोण झाडणार, यावर भांडावं. ते भांडण आपल्या हक्काचं आहे. पण त्यात प्लॉटचे भाव वाढत नाहीत, म्हणून कोणी भांडत नाही.

"तू काय करशील रे शिकून?" मी नातवाला विचारलं.

"चिप डिझाइन. बंगलोरला इंटर्नशिप लागली आहे."

"घ्या!" काकू. "कारखाना गुजरातले, पोट्टे बंगलोरले, अन् राख आपल्याले."

"पुण्यालाही जमू शकते आजी. एन्व्हिडियाचं ऑफिस आहे येरवड्यात."

येरवडा म्हटल्यावर काकूंच्या डोळ्यांपुढं आधी जेल आलं, ते समजावण्यात दोन मिनिटं गेली. मग त्यांचा चेहरा उजळला. पुणे म्हणजे महाराष्ट्रातच. माझ्याकडं वळून, भिंतीवर अर्ध्या ओणवत त्या हळूच म्हणाल्या, "तुझ्या जाऊबाईची भाची कॉम्प्युटरलाच आहे ना गं? धंतोलीतली? पत्रिका असेल तं पाठव. नोकरी पुण्याची चालेल आम्हाले, पोरगी मात्र नागपूरचीच पाहिजे."