स्थलदर्शनाचे शिरस्तेदार

रत्नागिरीच्या प्रत्येक आळीत असा एक तरी गृहस्थ नांदत असतो, की पेन्शन सुरू होऊन वर्षे लोटली तरी ज्याच्या अंगातली कचेरी काही सुटलेली नसते, आणि हाताखाली कारकून उरला नसल्यामुळे ती बिचाऱ्या पाहुण्यावर भरवावी लागते. त्याला कोणी तात्या म्हणतात, कोणी अण्णा, अंमल एकच. घाटावरून एस. टी.ने आलेल्या पाहुण्याने आंबलेले अंग पडवीतल्या झोपाळ्यावर टेकले न टेकले, तोच फर्मान सुटते, "उद्या पहाटे साडेपाचला आंघोळ उरकून हजर!"

तीन बाजूंनी सागराने वेढलेल्या रत्नदुर्गावर, भगवतीचे दर्शन आटोपून, पाहुणा तटाशी उभा राहून लाटा न्याहाळू लागला, की तात्यांच्या छत्रीचे टोक त्याच्या बरगडीला लागते. "समुद्र संध्याकाळी आहे. आत्ता बुरूज बघा."

परंतु तात्यांची खरी हुकमत थिबा राजवाड्यात. ब्रह्मदेशाच्या या अखेरच्या राजाला इंग्रजांनी 1885 साली पदच्युत करून पुढल्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले, 1910 साली हा राजवाडा बांधून तयार झाला आणि 1916 साली राजाने येथेच देह ठेवला, ही करुण कहाणी तात्या एखाद्या कटकटी भाडेकरूच्या तक्रारअर्जाप्रमाणे वाचतात. "तनखा होता, वाडा होता, खालती भाट्याची खाडी, आणखी काय हवं होतं हो त्याला?" पाहुणा मात्र गहिवरतो. त्याच्या या कळवळ्यास राजनिष्ठा मानण्याचे कारण नाही. दुसऱ्याच्या खर्चाने, उत्तम हवेत, नजरकैदेत राहणे म्हणजे काय, याचा प्रत्यय त्याला पहाटेपासूनच येत असतो.

टिळक आळीत, लोकमान्य 1856 साली जन्मले त्या घरापुढे, तात्यांचा स्वर एकाएकी मृदू होतो. कारण तेथून चार घरांवर त्यांचे आजोळ आहे, आणि असामान्य पुरुष निपजण्यात आळीच्या पाण्याचा काही वाटा असतो, हे मत ते पाहुण्याकडून वदवून घेतात. सावरकरांच्या प्रेरणेने आणि भागोजीशेठ कीरांच्या द्रव्याने 1931 साली उभे राहिलेले पतितपावन मंदिर, वस्तुतः या सहलीतले सर्वांत विचारप्रवर्तक स्थळ. पण घरी भात निवत असल्यामुळे त्याची बोळवण एका नमस्कारात होते.

रात्री पाहुणा तळपायांना तेल चोळीत असता तात्या चष्मा लावून वहीत शेरे नोंदवतात: "रत्नदुर्ग: धाप लागली. थिबा: विनाकारण हळहळ. काळा समुद्र: पाहिला, पैकी निम्मा वेळ भेळ. पांढरा समुद्र बाकी. सबब मुक्काम एक दिवस वाढविला."