होर्मुझकाका

नाशिकमधल्या कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर होर्मुझकाका रोज सकाळी साडेसहाला हजर असतात, पण त्यांना चालताना पाहिलेला माणूस अजून भेटायचा आहे. पांढरेशुभ्र बूट, कानटोपी आणि हातात दोन मोबाइल. एकावर भाव, दुसऱ्यावर युद्ध. प्रवेशद्वारातून पहिल्या बाकापर्यंत जेवढं होईल तेवढाच त्यांचा व्यायाम.

खरं नाव आता कुणी घेत नाही. जून २०२५मध्ये इस्राएल आणि इराणची जुंपली, तेव्हा काकांनी काडीने मातीत होर्मुझची सामुद्रधुनी काढली. इकडे इराण, तिकडे ओमान. शेजारी पाय मोकळे करत बसलेल्या गृहस्थाचा एक बूट उचलून मध्ये ठेवला आणि म्हणाले, "हा टँकर. जगाच्या तेलाचा पाचवा हिस्सा इथून जातो. आता हा अडकला समजा." बूट खरोखरच अर्धा तास अडकला. गृहस्थ एका पायावर उभे राहून क्रूडचा भाव ऐकत होते.

असे काका एकटे नाहीत. एक गोल्फ क्लबच्या मैदानावर आहेत, एक इंदिरानगरच्या ट्रॅकवर. साठी उलटलेली, मुलगा हिंजवडीला नाहीतर न्यू जर्सीला, डीमॅट खातं चालू आणि गुडघे बंद. घरातला गॅस कधी संपतो ते त्यांना ठाऊक नसतं, पण कतारचा गॅस किती दिवस पुरेल हे ते बोटांवर मोजून सांगतात.

आमचे काका ओझरला एचएएलमध्ये होते, २०१९ साली निवृत्त झाले. सुखोई जिथे जुळवलं जातं तिथे हयात गेली, त्यामुळे संरक्षण क्षेत्रावर त्यांचा शब्द अखेरचा. मार्च २०१८मध्ये याच एचएएलचा इश्यू आला, तेव्हा कमाल भाव १,२४० रुपये होता आणि कर्मचाऱ्यांना राखीव कोटा, वर थोडी सूटही होती. "आत काय चालतं ते मला विचारा," असं म्हणून काकांनी फॉर्म परत केला. इश्यू पुरता भरलाही नाही, तेव्हा काका आठवडाभर खुशीत होते. पुढे २०२३ साली एका शेअरचे दोन झाले आणि २०२४ साली त्यातला एकेक पाच हजारांच्या वर गेला. हा विषय ट्रॅकवर काढायचा नाही, असा अलिखित ठराव आहे. मात्र जानेवारी २००८मध्ये ज्या वीज कंपनीच्या इश्यूवर सारा देश तुटून पडला होता, तिचे शेअर काकांकडे अजून आहेत. "लाँग टर्म आहे," काका म्हणतात.

साडेसातला बाकावरची सभा उठते आणि गंगापूर रोडच्या मिसळीवर पुन्हा भरते. तिथला सध्याचा विषय म्हणजे वजन उतरवणारी इंजेक्शनं. काकांचा अभ्यास दांडगा. डेन्मार्कची नोव्हो नॉर्डिस्क २०२३ साली बाजारमूल्यात आपल्याच देशाच्या जीडीपीपेक्षा मोठी कशी झाली, मग शेअर असा आपटला की २०२५ साली सीईओलाच कसं घरी जावं लागलं, अमेरिकेतली एली लिली त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्रिलियन डॉलरला कशी टेकली, हे सगळं तोंडपाठ. मौंजारो आपल्याकडे मार्च २०२५मध्ये आलं, वेगोवी जूनमध्ये. वेगोवीतल्या सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६पर्यंतचं, त्यानंतर देशी कंपन्यांना रान मोकळं. या घराण्यातलं पहिलं औषध २००५ साली आलं. त्याची कल्पना अमेरिकेच्या वाळवंटातल्या गिला नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेवरून सुचली होती, हेही काका सांगतात आणि समोरच्याचा घास अडकला की खूश होतात.

"या इंजेक्शनने भूकच मरते. उद्या लोक खाणार नाहीत. म्हणून फरसाण विका, बिस्किटं विका, वेफर्स विका! अरे बाळा, इकडे तर्री आण जरा. आणि दोन पाव."

मेडिकलवाले शेठ एकदा भीतभीत म्हणाले, "काका, डॉक्टरांना विचारून तुम्हीच का सुरू करत नाही?"

काकांनी पापड मोडला. "मी गुंतवणूकदार आहे, गिऱ्हाईक नाही."

काकांचा तिसरा प्रांत म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्य. ट्रॅकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते पहाटे पाचपासून टिपा टाकत. "आज घ्या. कारण विचारू नका." ग्रुपचे अ‍ॅडमिन बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने कॅशियर. उद्या कुणाचे पैसे बुडाले तर आपल्याला धरतील, या भीतीने त्यांनी फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल अशी सोय करून टाकली. दुसऱ्या दिवशी काकांनी बाकावरून घटनेचं कलम १९ बाहेर काढलं. पालघरच्या दोन मुलींना २०१२ साली फेसबुकवरच्या पोस्टवरून अटक झाली, त्यातून उठलेली लढाई आयटी कायद्याचं ६६ए कलम २०१५ साली रद्द होईपर्यंत गेली, आणि इथे एका ज्येष्ठ नागरिकाला टीप देता येत नाही?

ट्रॅकवरच्या वकीलसाहेबांनी निवाडा दिला. सदस्याच्या पोस्टसाठी अ‍ॅडमिन आपोआप दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली म्हटलेलं आहे. अ‍ॅडमिननी सेबीचा पत्ता टाकला. शेअरचं नुसतं शिक्षण देणाऱ्यांनी मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरू नयेत, असं सेबीने जानेवारी २०२५मध्ये बजावलंय, त्याचं काय? "त्याची काळजी नको," वकीलसाहेब म्हणाले. "काकांची टीप येते तोवर तीन महिने उलटलेलेच असतात."

ग्रुप खुला झाला. त्याच संध्याकाळी काकांच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका भाडेकरूने लिफ्टच्या दुरुस्तीचा हिशेब विचारला. चेअरमन काकाच. त्यांनी तो ग्रुप बंद केला. "शिस्त नावाची काही गोष्ट असते," म्हणाले.

याच ट्रॅकवर एक द्राक्ष बागाईतदार येतात. बाग दिंडोरीत, मुलांच्या शिक्षणासाठी फ्लॅट इथे. ते बोलत नाहीत, चालतात. एकदा काकांनी त्यांना थांबवून तांबडा समुद्र समजावला. हुथींचे हल्ले, सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालणारी जहाजं, वाढलेलं भाडं, जादा दिवस. बागाईतदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हो ना. २०२४च्या हंगामात माझा माल त्यातच होता." क्षणभर कुणाला काही सुचेना. मग काका म्हणाले, "अहो, मग तुम्ही हेज का केलं नाहीत?"

त्याच्या थोडंच आधी, डिसेंबर २०२३मध्ये, दिल्लीच्या एका अधिसूचनेने कांद्याची निर्यात बंद झाली होती आणि लासलगावचे भाव कोसळले होते. ना युद्ध, ना क्षेपणास्त्र. नाशिक जिल्ह्यात जागतिक राजकारणाचं बिल असं निफाड-दिंडोरीत फाटतं आणि त्यावरची चर्चा गंगापूर रोडला होते. त्या अधिसूचनेचा नकाशा मात्र काकांनी मातीत काढला नाही. त्यात समुद्र नव्हता.

तरी काकांचं बोलणं जरूर ऐकावं. तासाभरात जग फिरवून आणतात आणि चहाचे पैसे बऱ्याचदा स्वतः देतात. फक्त टीप घेण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात : सेबीकडे नोंदणी आहे का, आणि स्वतःचे पैसे कुठे आहेत? पहिल्याचं उत्तर सेबीच्या संकेतस्थळावर मिळतं. दुसऱ्याचं काकू देतात. काकांची सगळी ग्रॅच्युइटी पोस्टात, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आहे. व्याज ८.२ टक्के, पासबुक काकूंच्या कपाटात.