ओटीपी काका

मुंबईच्या उपनगरातल्या प्रत्येक सोसायटीत एक सेक्रेटरी असतो आणि एक माहितगार काका असतात. सेक्रेटरीला निवडून यावं लागतं. काका स्वयंभू.

आमच्या मुलुंड पूर्वेला बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर असे एक काका राहतात. अंधेरी-बोरिवलीकडे चौकशी केलीत तर त्यांचे सख्खे भाऊ शोभतील असे काका तिथेही निघतील. फरक एवढाच की ते वेस्टर्नवाले असल्यामुळे बोलण्याची सुरुवात सेंट्रलला नावं ठेवून करतील.

काका फोर्टातल्या एका बँकेत होते. तेव्हा माहिती ही डोक्यात ठेवायची गोष्ट होती आणि ज्याच्या डोक्यात ती असे त्याला डब्यात चौथी सीट आपोआप मिळे. मुलुंडला थांबणारी फास्ट कुठली, ठाणं सोडलं की थेट घाटकोपर गाठणारी कुठली, दादरला पुलाच्या पायरीसमोर उतरायचं तर कितव्या डब्यात चढायचं, हे सगळं काकांना तोंडपाठ. गाडीत विकत मिळणारं छोटं टाइमटेबल त्यांच्याही खिशात असे, पण ते बाहेर काढून बघणं त्यांना कमीपणाचं वाटे. मनगटावरचं घड्याळ कायम पाच मिनिटं पुढे. बऱ्याच वर्षांच्या वेटिंग लिस्टनंतर त्यांच्या घरी एमटीएनएलचा फोन आला आणि अर्ध्या विंगनं नातेवाइकांना तोच नंबर देऊन टाकला. २००२ साली मुंबईचे सात आकडी नंबर आठ आकडी झाले, तेव्हा ‘आता पुढे दोन लावायचा हां’ असं काकांनी प्रत्येक मजल्यावर जाऊन सांगितलं. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांनाही सांगितलं. माहितीच्या बाबतीत काकांनी कधी आपपरभाव ठेवला नाही.

मग मोबाइल आले आणि काकांवर पहिलं संकट कोसळलं. त्याचं नाव एम-इंडिकेटर. सचिन टेके नावाच्या मराठी तरुणानं बनवलेलं हे अ‍ॅप बटणांच्या फोनवरसुद्धा चाले. मिसरूड न फुटलेलं पोर ते उघडून ‘काका, ती गेली, पुढची आठ सव्वीस’ असं सांगू लागलं. पाठांतरावर हयात काढलेल्या माणसाला हे ऐकावं लागणं वाईट. काही दिवस काकांनी सकाळी गेटपाशी उभं राहणं सोडलं. दुसऱ्या कोणी असतं तर तीर्थयात्रेला निघून गेलं असतं. काकांनी मुलाचा जुना स्मार्टफोन मागून घेतला, दार लावून अभ्यास केला, आणि त्या पोराला बोलावून विचारलं, ‘यातच रिक्षाचं भाडं कळतं, ठाऊक आहे? मेगाब्लॉक? कालिदासला आज कुठलं नाटक आहे? नाही ना? नुसत्या गाड्या बघतोस होय!’

गाडी रुळावर आली ती तिथून.

माझं मत विचाराल तर सगळी माहिती प्रत्येकाच्या खिशात आल्यावर माहितगार माणूस नामशेष व्हायला हवा होता. झालं उलटंच. पूर्वी लोकांना फक्त गाडीची वेळ माहीत नसे. आता वेळ हातात असते, पण ती दाखवणारं अ‍ॅप अपडेट मागतं, अपडेटला जागा लागते, जागा भाच्याच्या मुंजीच्या व्हिडिओनं खाल्लेली असते, आणि तो व्हिडिओ पुसायचा नसतो. पूर्वी एक अडचण होती, तिथे आता चार आल्या. काकांचा धंदा वाढला. फी अर्थातच नाही, चहा चालतो.

त्यांची खरी कर्तबगारी पाहायची तर रेल्वेच्या यूटीएस अ‍ॅपकडे वळावं लागेल. रेल्वेचं मोबाइल तिकीट मुंबईत २०१४ च्या अखेरीला आलं. आधी ते फोनवर काढायचं आणि स्टेशनातल्या मशीनवर छापून घ्यायचं, अशी पद्धत होती. २०१५ मध्ये कागद गेला, पण जाताना एक अट ठेवून गेला. रुळांच्या अगदी जवळ उभं राहून हे तिकीट निघत नसे. समोर टीसी दिसल्यावर डब्यातल्या डब्यात तिकीट काढणारे निघतील, अशी शंका रेल्वेला होती. रेल्वे आपल्या प्रवाशांना चांगली ओळखून आहे.

आता आमच्या मुलुंडला स्टेशन कुठे संपतं आणि बाजार कुठे सुरू होतो हे तिथल्या भाजीवाल्यालाही सांगता येणार नाही, उपग्रह कुठून सांगणार? त्यामुळे सकाळच्या वेळी एक विलक्षण दृश्य दिसे. गाडीची अनाउन्समेंट होते आहे, लोक स्टेशनकडे धावत आहेत, आणि त्यातलेच काही जण फोन आकाशाकडे धरून स्टेशनकडे तोंड करून उलटे उलटे चालले आहेत. रेल्वेनं जायचं म्हणून रेल्वेपासून लांब जात आहेत! कोणी रिक्षावर आदळतो, कोणी कांद्याच्या ढिगात बसतो.

काकांनी यावर संशोधन केलं. निवृत्तीनंतर वेळ होताच. एकेक पाऊल मागे सरत त्यांनी अशी जागा शोधून काढली जिथे तिकीट हमखास निघतं, ती म्हणजे एका मेडिकल स्टोअरसमोरचं गटाराचं झाकण. विंगमधल्या प्रत्येकाला त्यांनी तिथे नेऊन उभं केलं. ‘डावा पाय झाकणावर. फोन छातीशी धर. हलू नको. आता दाब.’ तिकीट निघे. पुढे स्टेशनात जागोजागी क्यूआर कोड लागले आणि ते स्कॅन करून आतूनच तिकीट काढता येऊ लागलं. काकांना ही सोय मुळीच आवडली नाही. ‘लोकांना आयतं पाहिजे,’ म्हणाले. बी विंगमधले एक गृहस्थ आजही बाहेरच थांबतात, डावा पाय झाकणावर ठेवतात आणि मगच फोन काढतात.

ओटीपी काका हे नाव मात्र २०२१ चं. त्या वर्षी १ मार्चपासून साठीपुढच्यांना कोविडची लस मिळू लागली आणि नोंदणीसाठी कोविन आलं. एका मोबाइल नंबरावर चार माणसांची नोंदणी होई. काकांचा नंबर दुपारपर्यंत भरला: स्वतः काका, काकू, दुसऱ्या मजल्यावरच्या आजी आणि त्या आजींची त्यांच्याकडे राहायला आलेली बहीण. मग काकूंचा नंबर भरला. मग वॉचमनचा. काका आपल्या खुर्चीत लॅपटॉप उघडून बसत, ४०००८१ हा पिनकोड टाकत, आणि ओटीपी मात्र वेगवेगळ्या मजल्यांवरच्या फोनवर जाऊन पडे. मुदत तीन मिनिटांची. एकमेकांच्या घरी जायचं नाही, असे ते दिवस. मग ओटीपी जिन्यातून ओरडून सांगायचा.

‘चार, सात, शून्य, नऊ...’

‘मास्क काढून बोला हो!’

‘मास्क काढायचा नाही असं तुम्हीच ग्रुपवर टाकलंय!’

‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ अशी सूचना त्याच काळात सगळीकडून येत होती. आमच्या बी विंगचे ओटीपी ए विंगलाही पाठ होते. पण खरं सांगायचं तर आमच्या म्हाताऱ्या माणसांना लस मिळाली ती त्या आरडाओरड्यामुळे. मुलुंडच्या जंबो सेंटरमधला स्लॉट मिळाला की काका गॅलरीत येऊन दोन्ही हात वर करत आणि खालून टाळ्या पडत. १५ ऑगस्टपासून दोन डोस झालेल्यांना लोकलची दारं उघडली, तेव्हा सर्टिफिकेटं डाउनलोड करून, छापून, लॅमिनेट करून घेण्याची मोहीमही त्यांचीच. आजींचं सर्टिफिकेट अजून काकांच्या फोनमध्येच आहे. आधार आणि पॅन कार्डाचे फोटोही तिथेच. बँकेत काही मागितलं की आजी काठी टेकत वर येतात आणि म्हणतात, ‘माझं ते काढून द्या हो, मी आहे म्हणून.’

आजी समोर उभ्या असतात. तरीही बँकेला काकांच्या फोनमधल्याच आजी लागतात.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे काका हे मात्र जरा अवघड प्रकरण आहे. २०१८ मध्ये पुढे ढकललेल्या मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का येऊ लागला आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पाठवता येईल अशी मर्यादा आली. काकांना हे अपमानास्पद वाटलं. आपण खात्री केलेली माहिती लोकांना उष्टी का दिसावी? तेव्हापासून ते मजकूर कॉपी करून नव्यानं चिकटवतात आणि खाली लिहितात, ‘खात्री करून पाठवत आहे.’ शनिवारी संध्याकाळी मेगाब्लॉकचा मेसेज येतो. तोवर तो सगळ्यांकडे निदान तीन ग्रुपमधून आलेला असतो, पण खात्री केलेला हाच. निळ्या खुणा ते नेमानं तपासतात. एखाद्यानं वाचून उत्तर दिलं नसेल तर लिफ्टमध्ये विचारतात, ‘पोचलं ना?’

घाटकोपरहून अंधेरीला जाणारी मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली. तिचं तिकीट पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हाय’ लिहून मिळू लागलं, तेव्हा काकांनी तिला पहिला मेसेज पाठवला तो असा: ‘सुप्रभात. आपणास व आपल्या परिवारास हा दिवस सुखाचा जावो. दोन तिकिटे हवी आहेत.’ तिचं ठरावीक उत्तर आल्यावर काका म्हणाले, ‘तुटक आहे, पण लगेच बोलते.’

हल्ली मनगटावर मुलानं दिलेलं स्मार्ट घड्याळ असतं. ते पाच मिनिटं पुढे करता येत नाही, हे त्यांचं जुनं दुखणं. दिवसाला दहा हजार पावलांचं त्यांना व्रत जडलं आहे. हा आकडा कुठल्या डॉक्टरी संशोधनातून आलेला नाही. १९६५ मध्ये एका जपानी कंपनीनं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’ अशा अर्थाचं होतं. हे मी काकांना सांगून पाहिलं. ‘असेल, पण जपानी माणूस उगाच आकडा देणार नाही,’ असं म्हणून ते देशमुख गार्डनला तीन फेऱ्या जास्त मारून आले. रात्री थोडी पावलं कमी पडली तर वरण ढवळायला स्वतःहून पुढे येतात. घड्याळ डाव्या हातात असल्यामुळे ढवळतातही डाव्या हातानं, आणि पाव किलोमीटरचं वरण होतं.

काकूंच्या फोनमध्ये मोजून चार अ‍ॅप आहेत. भाजीवाल्याला पैसे, भिशीचे पैसे, गॅसचं बुकिंग, नातवाशी व्हिडिओ कॉल हे सगळं त्या त्यांतच उरकतात. टाइप करत नाहीत, फोन तोंडाशी धरून त्याला दटावतात आणि तो मुकाट्यानं लिहून घेतो. एकदा काका काकूंना यूपीआय समजावून सांगत होते. ‘२०१६ मध्ये सुरू झालं. ते चालवणाऱ्या एनपीसीआयचं ऑफिस कुठे आहे माहितीये? बीकेसीला! म्हणजे कुर्ल्याला उतरायचं आणि शेअर रिक्षा.’ तोवर काकूंनी मेथीचे वीस रुपये देऊनही टाकले होते आणि भाजीवाल्याचा डबा ते गल्लीला ओरडून सांगत होता. ‘अहो, हवामान काय म्हणतंय?’ असं त्या मधूनच विचारतात. काका चाळीस टक्के शक्यता वाचून दाखवेपर्यंत त्यांनी वाळत घातलेले कपडे आत आणलेले असतात.

काकांच्या स्वतःच्या फोनचं कव्हर पाकिटासारखं उघडतं. त्यात फोन आहे हे शोधावं लागतं, कारण आत सीनियर सिटिझनचं कार्ड, रक्तगटाची चिठ्ठी, गणपती, पाचशेची घडी आणि जुन्या बँकेतल्या मित्रांचे नंबर लिहिलेला कागद एवढा संसार आहे. पासवर्ड फोनमध्ये नाहीत. ते एका जुन्या डायरीत सांकेतिक भाषेत लिहिलेले आहेत. उदाहरणार्थ, ‘ठाण्याची बहीण उलटी, मग लग्नाचं साल.’ लग्नाचं साल कोणाचं, आपलं की बहिणीचं, हे काकांना प्रत्येक वेळी दोन्ही टाकून पाहावं लागतं. तिसऱ्यांदा चुकलं तर खातं बंद.

१ जुलै २०२५ ला रेल्वेनं लोकलचं तिकीट, लांबचं आरक्षण वगैरे सगळं एकत्र करून रेलवन नावाचं नवं अ‍ॅप आणलं. बी विंगमध्ये आनंद एकालाच झाला. झाकणाची जागा कळल्यापासून तिकिटांपुरती ओस पडलेली काकांची बेल पुन्हा वाजू लागली. परवा पाहिलं तर बाहेरच्या खोलीत पाच जण फोन घेऊन ओळीनं बसलेले, दुसऱ्या मजल्यावरच्या आजीही. त्यांना कुठेच जायचं नव्हतं, पण सगळे घेताहेत म्हणून त्यांनाही अ‍ॅप हवं होतं. ‘आधी माझं करून दाखवतो, मग एकेक,’ असं म्हणत काकांनी चष्मा चढवला. जुना पासवर्ड चालेना. बहीण उलटी झाली, सुलटी झाली, दोन्ही लग्नांची सालं झाली. शेवटी ‘पासवर्ड विसरलात?’ यावर बोट ठेवलं. ओटीपी गेला तो खात्याला जोडलेल्या नंबरावर, म्हणजे कधीकाळी काकांनीच घाईत टाकलेल्या काकूंच्या नंबरावर. आणि काकू भजनाला गेलेल्या.

काकांनी फोन लावला. मागून टाळांचा आवाज.

‘अगं, एक नंबर आलाय बघ तुझ्या फोनवर. पटकन सांग, वेळ संपतेय!’

‘आलाय.’

‘मग सांग ना!’

‘ओटीपी कोणाला सांगायचा नाही असं तुम्हीच शिकवलंय,’ काकू म्हणाल्या. ‘आणि गॅसवर दूध ठेवून आले होते, बंद केलंत का?’