कडक भाकरीच्या गावात मऊ कुकी: एक मार्गदर्शिका

मऊ कुकी ही सोलापुरात करायची वस्तू नाही, हे सुरुवातीलाच मान्य केलं की पुढचं सगळं सोपं जातं. या गावानं ज्वारीची भाकरी पातळ थापली, भाजली, वाळवली आणि अशी कडक केली की ती महिनाभर डब्यात राहावी, पार्सलनं पुण्या-मुंबईला जावी आणि आमटीत चुरल्यावरच नरमावी. शेंगाची चटणी केली तीही तेल सुटेपर्यंत कुटून, म्हणजे प्रवासात टिकावी. टिकणं हा इथला पहिला गुण, चव त्यानंतर. अशा गावात जो पदार्थ मुद्दाम ओलसर ठेवायचा, मध्यभागी थोडा कच्चा वाटेल असा काढायचा आणि वर साखरेचा लेप द्यायचा, तो करायला घेणाऱ्यानं आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विश्वासात घ्यावं. निदान त्यांच्या दुपारच्या झोपेची वेळ साधावी.

हा पदार्थ सोलापुरात येतो तो साधारणपणे टोरांटोहून. घरातला कोणीतरी तिकडे असतो. तो दोन-तीन वर्षांतून एकदा येतो आणि मेपलच्या पानाच्या आकाराची एक काचेची बाटली घेऊन येतो. आत मधासारखं काहीतरी असतं. ही बाटली कोणीही उघडत नाही. ती शोकेसमध्ये, तिरुपतीच्या फोटोशेजारी, मुलाच्या पदवीदानाच्या फोटोपुढे ठेवली जाते आणि आल्यागेल्याला दाखवली जाते. मग एके दिवशी व्हिडिओ कॉलवर नातवंडं मेपल कुकी खाताना दिसतात आणि इकडे घरात कोणालातरी वाटतं, आपणही करू.

मार्गदर्शिकेचा पहिला नियम असा: शोकेसमधली बाटली फोडायची नाही. सिरप संपेल ही भीती खरी नव्हे. फोडल्यावर शोकेसमध्ये काय ठेवायचं, हा खरा प्रश्न आहे.

दुसरा नियम पाण्याचा. इंग्रजी पाककृती वाचताना एक गोष्ट लक्षात येते: त्या लिहिणाऱ्यांच्या नळाला रोज पाणी येतं. ‘एका मोठ्या भांड्यात लोणी घ्या. दुसऱ्या भांड्यात मैदा चाळा. तिसऱ्या भांड्यात आइसिंग फेटा.’ शिवाय चाळणी, दोन ट्रे, रवी, मापाचे चमचे, गार करायची जाळी. काही दिवसांआड नळ येणाऱ्या गावात हे वाचून माणूस आधी भांडी मोजतो आणि मग साहित्य. म्हणून कुकी पाण्याच्या दिवशीच करावी, आणि तेही टाक्या, पिंपं, बादल्या, कळश्या भरून झाल्यावर. पाण्याचा दिवस आणि दिवे न जाण्याचा दिवस एकच निघाला तर तो मुहूर्त समजावा. त्या दिवशी लग्नंही लावायला हरकत नाही.

आता ऋतू. प्रत्येक कृतीत ‘खोलीच्या तापमानाचं लोणी’ असं लिहिलेलं असतं. कोणत्या खोलीच्या, ते लिहीत नाहीत. ती खोली १८ ते २० अंशांची असते. लोणी ३२-३५ अंशांच्या आसपास वितळतं. मे महिन्यात सोलापुरात सावलीत ४२-४३ अंश असतात, म्हणजे लोण्याचं पुढे काय होणार हे वेगळं सांगायला नको. फेटायला घेतलेलं लोणी भांड्यात ओघळतं, साखर तळाशी बसते, आणि कुकी ट्रेवर पसरून शेजारच्या कुकीला जाऊन मिळते. सगळ्यांत योग्य काळ म्हणजे जानेवारी, सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरलेला असतो तेव्हाचा. अडचण एवढीच की त्या दिवसांत घर भोगीची भाजी, तीळ आणि पाहुणे यांच्या ताब्यात असतं. उन्हाळ्यातच करायची असेल तर पहाटे पाचला उठावं आणि तयार पीठ तासभर फ्रिजमध्ये ठेवावं. फ्रिजमध्ये जागा करण्यासाठी काय बाहेर काढायचं, यावर घरात एकमत होईल असं धरून चालू नये.

मुख्य प्रश्न मेपलचा. इथं थोडं थांबायला हवं, कारण सोलापूरकराला या विषयात कमी लेखण्याचं काहीच कारण नाही. जगातलं साधारण ७० टक्के मेपल सिरप कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात होतं. हिवाळा सरत आला, रात्री गोठायला आणि दिवसा वितळायला लागलं की झाडाच्या खोडाला भोक पाडून रस काढतात आणि आटवतात. रसात साखर जेमतेम दोन टक्के. म्हणून ४० लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर सिरप मिळतं. उसाच्या रसात साखर त्याच्या सात-आठ पट असते, पाच-सहा लिटर रसात लिटरभर काकवी होते. म्हणजे ज्या जिल्ह्यात राज्यातले सर्वांत जास्त साखर कारखाने आहेत, जिथं गावातल्या एका वस्तीचं नावच साखर पेठ आहे, तिथल्या माणसानं गोडासाठी झाडाला भोकं पाडणाऱ्यांकडे तोंड वेंगाडायचं, हे शोभत नाही.

त्यांच्याकडे सहकार आहे, हे मात्र मान्य करू. क्यूबेकच्या उत्पादकांच्या संघटनेनं सिरपचा राखीव साठा पिंपांमध्ये भरून गोदामात ठेवलेला असतो, म्हणजे भाव पडू नयेत. २०११-१२ मध्ये त्यातलं सुमारे ३००० टन सिरप चोरांनी हळूहळू काढून नेलं. किंमत १.८ कोटी कॅनेडियन डॉलरच्या आसपास. बरीच पिंपं त्यांनी पाणी भरून जागेवर ठेवली. पुढे मोजणीला आलेला माणूस पिंपांवर चढला, तेव्हा पायाखालचं रिकामं पिंप डगमगलं आणि प्रकरण उघडकीला आलं. गोदामातला माल आणि कागदावरचा माल यांतला फरक आपल्या जिल्ह्यातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. त्याला आश्चर्य वाटेल ते दुसऱ्याच गोष्टीचं: चोरीसाठी वापरायला यांच्याकडे इतकं पाणी होतं!

मेपलऐवजी काकवी घेतली, म्हणजे गोडाचा आणि रंगाचा प्रश्न सुटला. वास उरतो. आणि इथं निसर्गानं सोलापूरची बाजू घेतली आहे. २००५ पासून न्यू यॉर्कच्या मॅनहॅटन भागात मधूनच मेपल सिरपचा वास सुटायचा. लोक घाबरून पोलिसांना फोन करायचे. काही वर्षं शोध चालला, वाऱ्याच्या दिशा तपासल्या गेल्या, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये शहराच्या महापौरांनी जाहीर केलं की हा वास नदीपलीकडच्या न्यू जर्सीतल्या एका कारखान्यातून येतोय. तिथं काय चाललं होतं? मेथ्यांवर प्रक्रिया. आपल्या फोडणीच्या डब्यातल्या मेथ्या. मेथीदाण्यात सोटोलोन नावाचं द्रव्य असतं, त्याचा वास मेपलसारखा येतो, आणि स्वस्तातला मेपलचा अर्क कित्येकदा मेथीपासूनच बनवतात. हेच द्रव्य उसाच्या कच्च्या साखरेतही सापडलं आहे. बाळंतपणाआधी मेथी खाल्लेल्या आयांच्या तान्ह्या बाळांना मेपलचा वास आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. डॉक्टर आधी घाबरतात, कारण त्याच वासाचा एक आनुवंशिक आजारही आहे. म्हणजे मेथीचे लाडू खाल्लेली आपली प्रत्येक बाळंतीण टोरांटोच्या नाश्त्याचा सुगंध घेऊन वावरत होती आणि कोणी तिला व्हिसा विचारला नाही.

तेव्हा अर्क असा करावा. चमचाभर मेथ्या मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजाव्यात. काळ्या झाल्या तर कडू होतात, टाकून द्याव्यात आणि कोणाला सांगू नये. चार मोठे चमचे काकवी कोमट करून त्यात या मेथ्या अर्धा तास मुरू द्याव्यात आणि गाळून घ्याव्यात. वास घ्यावा. घरातल्या कोणी विचारलं तर ‘मेपल’ म्हणावं, मेथीचं नाव काढू नये. मेथी म्हटलं की मधुमेह, गुडघे आणि केस या तीन विषयांवर चर्चा सुरू होते आणि ओव्हन तापून वाया जातो.

बाकीचं साहित्य साधं आहे: २५० ग्रॅम मैदा, ११५ ग्रॅम लोणी, १२५ ग्रॅम गुळाची पावडर, गाळलेल्या काकवीतले तीन चमचे (चौथा आइसिंगसाठी राखून), अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ. मूळ कृतीत अंडं असतं. ज्या घरात अंडं चालत नाही तिथं दोन मोठे चमचे दही घ्यावं, आणि ज्या घरात फक्त आजी असताना चालत नाही तिथं आजीची वेळ पाहावी. दह्याच्या आंबटपणानं सोडा फुलतो, त्यामुळे काम अडत नाही. लोणी आणि गूळ फेटावा, काकवी-दही घालावं, मैदा शेवटी हलक्या हातानं मिसळावा. पोळ्यांच्या सवयीनं तिंबायला जाऊ नये, चिवट होतं. आणि मापाला घेतलेला चमचा आधी नीट हुंगावा. सोलापूरच्या स्वयंपाकघरात असा चमचा दुर्मीळ आहे जो कधीच शेंगाच्या चटणीत गेलेला नाही.

भाजणं १७५ अंशांवर, दहा-अकरा मिनिटं. कडा बदामी आणि मध्यभाग अजून मऊ दिसत असतानाच ट्रे बाहेर काढायचा. ट्रेच्या उष्णतेनं उरलेलं काम होतं. काकवीतली आणि गुळातली साखर पाणी धरून ठेवते, म्हणून कुकी मऊ राहते. एवढंच शास्त्र. ट्रे धरायला जाड हातमोजे सांगितलेले असतात. आपल्या गावात टॉवेलला तोटा नाही.

ओव्हन नसेल, किंवा असून त्यात पापडांचे डबे ठेवलेले असतील, तर बेकरीची भट्टी आहे. हा आपल्याकडचा जुना आणि चांगला रिवाज. दिवाळीच्या आधी मैदा, तूप, पिठीसाखर पिशवीत घालून बायका बेकरीत जातात, समोर बसून नानकटाई आणि बिस्किटं करून घेतात आणि पत्र्याचा डबा भरून घरी आणतात. तिथं मऊ कुकीचं पीठ घेऊन गेलात तर भट्टीवाला नाही म्हणणार नाही. अडचण दहा मिनिटांनी येते. तुम्ही म्हणता, काढा. तो लांब दांड्याच्या फळीनं ट्रे पुढे ओढतो, एक कुकी बोटानं दाबतो आणि ट्रे परत आत ढकलतो.

“कच्चं हाय की ओ ताई.”

तुम्ही म्हणता, असंच हवंय. तो तुमच्याकडे बघतो. त्याच्या धंद्यात कच्चा माल बाहेर जाणं ही अब्रूची गोष्ट आहे. उद्या तुमच्या पाहुण्यांनी विचारलं, कोणत्या भट्टीवर भाजलं, तर? “लोकं मला शिव्या देतील,” तो म्हणतो, आणि तुम्ही पिशवीतून पाण्याची बाटली काढेपर्यंत कुकी खुसखुशीत होऊन बाहेर येते. यावर उपाय एकच: आपला ट्रे शेवटचा लावायचा आणि त्याला चहाला पाठवायचं.

आइसिंगचं थोडक्यात. लोण्याचं आइसिंग सोलापुरात फक्त थंडीत उभं राहतं. इतर वेळी पिठीसाखरेत राखून ठेवलेली काकवी आणि चमचा-दोन चमचे दूध घालून ओघळेल इतपत पातळ लेप करावा आणि कुकी पूर्ण गार झाल्यावर वरून सोडावा. इथं आपली हवा पहिल्यांदाच मदतीला येते. ज्या कोरड्या हवेत कुरडया दोन दिवसांत वाळतात, त्याच हवेत हा लेप बघता बघता आळतो. मात्र ट्रे गच्चीवर नेऊ नये. मुंग्यांना पत्ता लागतो, आणि वरच्या मजल्यावरच्या मुलांनाही.

आता आक्षेप. सासूबाई पहिली कुकी हातात घेतात, दाबतात, मोडून बघतात. ती मोडत नाही, वाकते.

“काय करलालीस गं? बिस्किट सादळलंय की.”

यावर वाद घालू नये. त्यांच्या साठ वर्षांच्या अनुभवात वाकणारं बिस्किट म्हणजे डब्याचं झाकण कोणीतरी उघडं टाकलं, एवढाच अर्थ आहे. ‘मुद्दाम असं केलंय’ म्हटलं तर तुमच्या संसाराविषयी नवीन शंका निर्माण होतात. फोनवर टोरांटोला विचारून खात्री करून दिली तरी त्या म्हणतील, तिकडे थंडी असते, सादळणारच. मुलं मात्र तोवर अर्धा डबा संपवून ‘लई भारी बे’ म्हणत बाहेर पळालेली असतात. निकाल बहुमतानं लावावा आणि अल्पमताला चहाबरोबर पारले द्यावं.

उरल्याच तर साठवणं. पावसाळ्यात काहीच करायला लागत नाही, कुकी आपोआप मऊ राहते. खरं तर पावसाळ्यात नानकटाईचा डबा उघडा ठेवला तरी मऊ कुकीचा बराचसा अनुभव घरबसल्या मिळतो. उन्हाळ्यात उलट. झाकण नीट लागलं नाही तर तिसऱ्या दिवशी कुकी वाळून टणक होते, सासूबाईंना आवडते, आणि त्या शेजारी सांगतात की आता कुठं सुनेला जमलं. तसं नको असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात पावाचा एक तुकडा ठेवावा. पाव आपला ओलावा कुकीला देतो आणि स्वतः वाळतो.

दिवाळीत करायच्या असतील तर काकवी आत्ताच आणून ठेवा आणि बेकरीत नंबर आधीच लावा. वसुबारसेच्या आठवड्यात भट्टीवर उभं राहायलासुद्धा जागा नसते, आणि तिथं शेवटचा ट्रे कोणालाच मिळत नाही.