दुसरं मानवत पाहिजे

परभणी जिल्ह्यात जन्माला आलेल्या माणसाला आईच्या दुधाबरोबर एक परराष्ट्र धोरण मिळतं : 'जगात जर्मनी, भारतात परभणी'. हे कुणी काढलं, कशावरून काढलं, याची चौकशी आमच्याकडे कुणी करत नाही. यमक जुळलं, संबंध प्रस्थापित झाले. जर्मनीला अजून कळवलेलं नाही, एवढंच. दुसरीही एक म्हण आहे, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. ती मात्र आमची नाही. ती बदली होऊन इकडे आलेल्या एखाद्या साहेबाने पहिल्या उन्हाळ्यातच काढली असणार, असा माझा संशय आहे.

तर जिल्ह्याच्या ठिकाणाला जर्मनी मिळाली. आता तालुक्यांनी काय करायचं? मी मानवतचा. जिल्ह्यातल्या नऊ तालुक्यांतलं एक, कापसाचं गाव. मोंढा, जिनिंग, सरकी, गाठी हीच आमची बाराखडी. आजूबाजूची गावं बघितली की मला हेवा वाटतो. कारण प्रत्येकाला कुठे ना कुठे नावाचा भाऊ आहे आणि आम्हाला कुणीच नाही.

पालमचंच घ्या. आमच्याच जिल्ह्यातला तालुका. पण दिल्लीच्या माणसापुढे 'पालम' म्हणून बघा, त्याला विमानं दिसतात. राष्ट्रपती, पंतप्रधान, परदेशी पाहुणे, सगळे पालमला उतरतात. आमच्या पालमला एसटीतून उतरणारा माणूस आधी पिशवी सांभाळतो, मग चप्पल. सेलू आमचं, तसं सेलू वर्धा जिल्ह्यातही आहे. पूर्णा आमची, तशी विदर्भातून तापीला जाऊन मिळणारीही पूर्णाच. आणि पेडगाव! परभणीहून गाडीने मानवतकडे निघालात की वाटेत पेडगाव नावाचं स्टेशन लागतं. आमच्या पेडगावकरांनी आयुष्यात कधी वेड पांघरलेलं नाही. म्हणीतलं पेडगाव हे श्रीगोंद्याकडचं, भीमेच्या काठचं, बहादूरगडाचं. पण परक्या माणसाने या स्टेशनाची पाटी वाचली की तो गालातल्या गालात हसतो, आणि शेजारी बसलेला पेडगावकर खिडकीबाहेर बघतो.

यावर आमच्या मुलखाने एक इलाज शोधून ठेवला आहे. एकाच नावाची दोन गावं झाली की एकाच्या नावाला शेजारच्या गावाचं किंवा घराण्याचं शेपूट लावायचं. आमच्याच रुळावर ढेंगळी पिंपळगाव आहे, देवळगाव अवचार आहे. महाराष्ट्रात पिंपळगावं, वडगावं, खेडं इतकी आहेत की नुसतं 'पिंपळगावला दिली मुलगी' असं म्हणणाऱ्या बापाला लोक पुढचा अर्धा तास प्रश्न विचारतात. बसवंत, की रेणुकाई, की ढेंगळी? निजामाच्या राज्यातही हीच पद्धत होती. मानवत 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं. सिंधमध्ये दुसरं हैदराबाद होतंच, म्हणून आपलं ते 'हैदराबाद दक्खन'. रेल्वेच्या पाटीवर ते दक्खन आजही आहे. देश दोन झाले, दोन्हीकडे हैदराबाद राहिलं, पण शेपटामुळे टपालाचा घोळ टळला.

खरी कमाल मात्र आमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्याने केली आहे. तिथे कंधार आहे. तालुक्याचं गाव, मन्याड नदीचा मुलूख, भला थोरला भुईकोट किल्ला. आणि अफगाणिस्तानातलं ते कंदाहार. कुणाला वाटेल, आमच्या लोकांनी तिकडून नाव उचललं. तसं अजिबात नाही. कंधारपूर हे नाव राष्ट्रकूटांच्या काळापासून चालत आलेलं, म्हणजे हजार वर्षांचं. दोघंही स्वतंत्रपणे कंधार झाले आणि मग एकाच बादशहाच्या वाट्याला आले.

शहाजहानच्या फौजेने आमचं कंधार 1631 च्या मे महिन्यात जिंकलं. 'पादशाहनामा' या त्याच्या दरबारी ग्रंथात त्या वेढ्याचं चित्र आहे. तोफा, धूर, उडालेला बुरूज, सगळं. तो ग्रंथ सध्या इंग्लंडच्या राजघराण्याच्या विंडसरच्या संग्रहात आहे आणि चित्राखालचं नाव वाचणाऱ्याला आधी अफगाणिस्तानच आठवणार. पुढे 1638 मध्ये बादशहाला अफगाणी कंदाहारही मिळालं, तेही फारशी लढाई न होता. तिथल्या इराणी सुभेदाराने आपण होऊन किल्ला हवाली केला. 1649 मध्ये इराणच्या शहाने ते परत घेतलं. मग सुरू झाले वेढे. 1649 मध्ये औरंगजेब गेला, जमलं नाही. 1652 मध्ये पुन्हा गेला, जमलं नाही. 1653 मध्ये दारा शुकोह गेला, त्यालाही जमलं नाही. दरबारात 'कंदाहारचं काय झालं?' असं बादशहाने विचारलं की एखादा हुशार सरदार 'हुजूर, ते तर कधीच जिंकलंय' म्हणून दख्खनच्या कागदाचं भेंडोळं पुढे करत असेल, असं आपलं मला वाटतं. नावाच्या भावाचा एवढा तरी उपयोग व्हायलाच हवा.

24 डिसेंबर 1999 ला काठमांडूहून दिल्लीला निघालेलं विमान पळवून कंदाहारला नेलं, तेव्हा साऱ्या देशाचा श्वास अडकला होता. मोंढ्यात कापसाच्या गाड्या लागलेल्या. रेडिओवर बातमी आली. आमचे एक अडत्या मामा हातातलं चोपडं मिटून म्हणाले, "कंधारला? आरं, तिथं आपली एसटी येळंवर लागंना, इमान कव्हा उतरायलं?" कुणीतरी समजावलं की मामा, ते कंधार नाही, अफगाणिस्तानातलं. मामांनी एक सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "मग आपल्या पावण्यांना तरास न्हाई." मामांची बहीण आमच्या कंधारला दिलेली होती. जगाच्या संकटात माणूस आधी आपल्या सोयऱ्यांचं गाव शोधतो आणि ते त्यात नाही म्हटल्यावर चहा मागवतो. 31 डिसेंबरला प्रवासी सुटले, तेव्हा मामांनी पेढे वाटले, हेही सांगितलं पाहिजे.

आता मोठ्या शहरांकडे बघा. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या पार उत्तरेला, कॅनडाच्या सरहद्दीजवळ बॉम्बे नावाचं एक छोटं गाव आहे. 1833 साली वेगळं झालं. हजार-दीड हजार वस्ती, हिवाळ्यात बर्फ. ज्या व्यापाऱ्याच्या नावावर ती जमीन होती, त्याच्या बायकोचा आपल्या मुंबईशी संबंध होता, म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. 1995 साली इकडे बॉम्बेचं मुंबई झालं. इथल्या पाट्या बदलल्या, लेटरहेडं बदलली, म्हणणाऱ्यांची तोंडंही थोडीफार बदलली. तिकडे कुणी कळवलंच नाही. त्यामुळे ज्याला आजही सरकारदप्तरी 'बॉम्बे'त राहायचं आहे, त्याने बर्फाचे बूट घेऊन तिकडे जावं. जागा भरपूर आहे, लोकल नाही.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला पूना आहे, तेही समुद्रकाठी. मासे धरायचे, होडी फिरवायची, असं निवांत गाव. पुण्याला समुद्र नाही, ही उणीव कुणीतरी दूर केली, पण पुणेकरांनी त्याची दखल घेतल्याचं मला दिसलेलं नाही. बहुधा समुद्राची गरज त्यांना पटलेली नसावी. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात सातारा नावाचा तळ आहे. जमिनीची मोजणी चालली होती, मोजणीदाराच्या हाताखाली एक हिंदी माणूस होता, सतराव्या तुकड्याला तो 'सत्रा' म्हणाला आणि नकाशावर सातारा उमटलं, अशी कथा तिथे सांगतात. तिकडच्या साताऱ्यात रात्री सिंहाची डरकाळी ऐकू येते. आपल्या साताऱ्यात तशा डरकाळ्या निवडणुकीच्या काळात ऐकू येतात, पण कंदी पेढ्याच्या बाबतीत आपलं साताराच थोर. आणि जालना? जालन्याच्या नावाचं तर ऑस्ट्रेलियात दही मिळतं. मेलबर्नला राहणारा आमच्याकडचा एक मुलगा त्या डब्याचा फोटो दरवर्षी घरी पाठवतो आणि घरचे दरवर्षी विचारतात, "आंबट हाय का?" परभणीचं नावही असंच बियाण्याच्या पाकिटावर बसून गावोगाव गेलं. 'परभणी क्रांती' ही भेंडी आमच्या कृषी विद्यापीठाची, तिने देशभरातल्या भाजीबाजारात जेवढं नाव केलं, तेवढं आमच्या एकाही आमदाराला जमलेलं नाही.

मानवतला काय? मी नकाशे पाहिले, कोश चाळले. मनमाड सापडलं, तेही आपलंच. शेवटी कळलं की मानवतला नावाचा एकच भाऊ आहे आणि तो परदेशात नसून आमच्याच तालुक्यात आहे. त्याचं नाव मानवत रोड.

निजामाच्या रेल्वेने 1900 च्या सुमारास सिकंदराबाद ते मनमाड मीटर गेजचा रूळ टाकला, तेव्हा तो मानवतपर्यंत आणायचं त्यांच्या जिवावर आलं. रूळ गावाच्या बाजूने गेला आणि जिथे गाव नव्हतं, तिथे स्टेशन बांधून त्याला मानवत रोड म्हटलं. म्हणजे गावाकडे जाणारा रस्ता इथून निघतो, एवढंच कबूल केलं, गाव येईल असं वचन दिलं नाही. आता तिथे मानवतच्या नावाची पिवळी पाटी आहे, फलाट आहे, रुंद रूळ आहेत. फक्त मानवत नाही. आणि इकडे मानवतमध्ये मानवत आहे, पण रेल्वे नाही. पहाटेच्या गाडीने उतरलेला पाहुणा फलाटावर उभा राहून फोन करतो, "आलो बघा मानवतला," आणि घरचे म्हणतात, "अजून न्हाई आलाव."

नावाच्या भावाचा आणखी एक उपयोग असतो आणि तो आम्हाला फार हवा होता. 1972 ते 1974 या काळात मानवतमध्ये बायका-मुलींच्या हत्या झाल्या. ज्यांच्या घरची माणसं गेली, त्यांच्या दुःखावर विनोद होऊ शकत नाही, मी करणारही नाही. पण पन्नास वर्षं झाली तरी मुंबई-पुण्यात 'मानवतचा' म्हटलं की समोरच्याच्या भुवया वर जातात, आणि 2024 मध्ये त्यावर वेब मालिका आल्यापासून त्या खालीच येत नाहीत. अशा वेळी दुसरं एखादं मानवत असतं तर बरं झालं असतं. "ते नव्हे हो, आम्ही दुसऱ्या मानवतचे," असं म्हणून सुटता आलं असतं. एकुलत्या नावाला ही पळवाट नसते.

बाकी माझा तक्रारीचा सूर थोडा कमी करायला हरकत नाही. परमुलखातल्या गावाला आपल्या गावाचं नाव द्यायचं, तर तिथे जमीन हाताशी असावी लागते. इंग्रजांच्या हाती ती होती. आपले लोक गेले ते हाताने राबायला किंवा नोकरीला. मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर मराठी माणसं गेली, तोवर फ्रेंचांनी नावं ठेवून झाली होती. म्हणून आपण वेगळी युक्ती केली. गावाला नाव देता आलं नाही, तर गावच आडनावात घालून न्यायचं. कोकणातले बेने इस्रायली इस्रायलला गेले, ते पेण, रोहे, किहीम असं सगळं गाठोड्यात बांधून. अश्दोदला किंवा दिमोनाला दारावरच्या पाटीवर पेणकर, रोहेकर, किहीमकर सापडतात. पेणचा गणपती नाही, पण पेण आहे. तसा एखादा मानवतकर जिथे घर करील, तिथे मानवत झालंच. त्याला ना ग्रामपंचायत लागते, ना रेल्वेची मंजुरी.

मोंढ्यातल्या त्याच मामांना मी एकदा विचारलं, "मामा, दुसऱ्या देशात मानवत असंल का?" ते म्हणाले, "असंल तर आधी इचार, कापसाला भाव काय चालू हाय." मला हे पटलं. कुणाला कुठल्याही देशात मानवत सापडलं, तर कृपया एवढीच चौकशी करून कळवावं. फोटो नको.

तोवर तुम्हाला आमच्या एकमेव मानवतला यायचं असेल, तर तिकीट मानवत रोडचं काढा. गडबडीत मनमाडचं काढू नका, ते फार लांब पडतं. उतरलात की सामान घेऊन सरळ बाहेर या आणि ऑटोत बसा. ऑटो भरल्याशिवाय निघत नाही, तेव्हा शक्यतो एकटे येऊ नका.