प्रश्न उद्भवत नाही

आमचे आमदार कामाचा माणूस आहेत, यावर मतदारसंघात दुमत नाही. नेमकं कोणतं काम, यावर थोडं आहे, पण ते चहाच्या टपरीबाहेर जात नाही. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. विरोधकही भाऊच म्हणतात, फक्त तोंड वेंगाडून.

बाजारपेठेकडून नदीकडे जाणाऱ्या रस्त्याचं उदाहरण घ्या. मंजुरी मिळाली म्हणून पेढे वाटले. वर्क ऑर्डर निघाली म्हणून नारळ फुटला. खडी पडली म्हणून फ्लेक्स लागले. डांबर पडल्यावर लोकार्पण झालं आणि पहिल्या पावसात रस्ता नदीकडे निघून गेला. आता दुरुस्तीची मंजुरी आली आहे, त्यामुळे नवा नारळ. कुदळ मात्र तीच. हार घातलेली ती कुदळ ठेकेदार गाडीतच बाळगतो आणि भाऊ तिने जमिनीला हलकेच स्पर्श करतात, जमिनीला लागू नये इतक्या बेताने.

यात भाऊंचा दोष काढण्याआधी हिशेब पाहावा. आमदार स्थानिक विकास निधी २०२० साली दोन कोटींचा तीन कोटी झाला, मग चार आणि २०२२ मध्ये पाच. ऐकायला भारदस्त वाटतं. पण राज्यात २०२४ ला सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते. त्यांना विधानसभेच्या २८८ मतदारसंघांनी भागा, मग त्याने पाच कोटींना भागा. वर्षाला माणशी दीडशे रुपयेसुद्धा पडत नाहीत. एवढ्यात धरण होत नाही, पेव्हर ब्लॉक होतात. म्हणून मग सभामंडप, स्मशानभूमीची शेड, चौकात हायमास्ट आणि ओढ्याकाठी ओपन जिम. ओपन जिमच्या यंत्रांवर धुणं फार छान वाळतं. निधी कमी पडला तर ‘पंचवीस-पंधरा’ आहेच. २५१५ हे ग्रामविकासाचं लेखाशीर्ष आमच्याकडे दहावी नापास पोरालाही तोंडपाठ असतं. पैसा सरकारचा, काम सुचवतात भाऊ, मंजुरी देतात जिल्हाधिकारी. पण कोनशिलेवर जिल्हाधिकाऱ्यांचा हात जोडलेला फोटो कोणी पाहिला आहे का?

भाऊंचा खरा दिवस मात्र निधीत जात नाही, दहाव्यात जातो. सकाळी साडेसहाला ते नदीच्या घाटावर हजर असतात. गेलेला माणूस कोण, हे पीए गाडीतून उतरताना कानात सांगतो. भाऊ माईक घेतात आणि ‘आमच्या कुटुंबाचा आधारवड हरपला’ म्हणतात. तालुक्यात भाऊंचे इतके आधारवड हरपले आहेत, की सामाजिक वनीकरण खात्याने दखल घ्यावी. कावळा एक वेळ थांबेल, भाऊंना थांबता येत नाही, कारण आठ वाजता पुढच्या गावात दुसरा दहावा असतो. दुपारी साखरपुडे, संध्याकाळी लग्नं. अक्षता पडायच्या आधी ‘वधूवरांना आशीर्वाद देण्यासाठी’ ते बोलतात आणि त्या बोलण्यात पाणीयोजनेचा उल्लेख येतोच. नवरी बिचारी हार हातात धरून योजनेचा दुसरा टप्पा ऐकत उभी असते.

आता पत्रांविषयी. भाऊंच्या संपर्क कार्यालयात गठ्ठ्याने लेटरहेड असतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, रेशनकार्डातलं नाव, काहीही असो, ‘सदर इसम माझ्या चांगल्या परिचयाचे असून’ अशी सुरुवात होते आणि खाली लफ्फेदार सही. त्या इसमाला भाऊंनी आधी कधी पाहिलेलं नसतं आणि पुढेही ओळखणार नसतात, पण पत्रापुरता परिचय चांगला असतो.

गंमत अशी, की याच आमदारांच्या सभागृहाने २०१५ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम केला. तो सांगतो की अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा नागरिकाचा हक्क आहे. मिळाली नाही तर पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोग, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजारांपर्यंत दंड. कोणती सेवा किती दिवसांत मिळेल याचा फलकही कार्यालयात लावायचा असतो. आमच्या तहसील कचेरीत तो लावलेला आहे. भाऊंची पत्रं घेऊन आलेली रांग त्याच फलकाला टेकून उभी राहते.

मला यात विसंगती दिसते. भाऊंना दिसत नाही आणि धोरणी माणसाचा हिशेब म्हणून बघितलं तर त्यांचंच बरोबर आहे. दाखला कायद्याने मिळाला तर लोक कायद्याला मत देणार नाहीत, कारण कायदा उभा राहत नाही. पत्राने मिळाला तर पत्र देणारा पाच वर्षांनी उभा राहतोच. म्हणजे कायदा भाऊंनी करायचा, तो चालणार नाही याची काळजी व्यवस्थेने घ्यायची, आणि न चाललेल्या कायद्याची भरपाई पुन्हा भाऊंनी लेटरहेडवर करायची. याला समाजसेवा म्हणतात.

ग्रामीण रुग्णालयाचंही तेच. तिथे डॉक्टरचं पद रिकामं आहे, म्हणून भाऊंच्या वाढदिवसाला महाआरोग्य शिबिर होतं. शहरातून डॉक्टर येतात, रक्तदाब मोजतात, ‘रोज तपासून घ्या’ म्हणतात आणि संध्याकाळी निघून जातात. एसटी गावात येत नाही, म्हणून भाऊ आषाढीला गाड्या सोडतात. वर्षातून एकदा पंढरपूर गाठता येतं, तालुक्याचं कॉलेज मात्र बारा महिने लांबच. डीपी जळाला की भाऊ महावितरणच्या साहेबांना सर्वांसमक्ष, स्पीकरवर फोन लावतात. साहेब ‘हो भाऊ, लगेच भाऊ’ म्हणतात. डीपी यायचा तेव्हाच येतो, पण फोनचा व्हिडिओ रात्रीच येतो.

एका बाबतीत मात्र भाऊंवर अन्याय होतो, तेही लिहिलं पाहिजे. २०२२ पासून तीन वर्षांहून अधिक काळ राज्यातल्या कितीतरी महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदांवर प्रशासक होते. नगरसेवक माजी झाले, झेडपीचे सदस्य घरी बसले, आणि तुंबलेलं गटार, भटकी कुत्री, बंद दिवा हे सगळं एका आमदाराच्या दारात आलं. विधिमंडळात कपात सूचना मांडायची असलेल्या माणसाला माणसं सकाळी उठवून पाणीकपातीचं सांगू लागली. सुरुवातीला भाऊ कंटाळले. नंतर त्यांच्या लक्षात आलं की गटारात स्पर्धक उरलेला नाही.

बरं, मग सभागृहात काय होतं? हिवाळी अधिवेशनाला नागपूरला निघताना भाऊंबरोबर कार्यकर्त्यांच्या चार गाड्या असतात. सगळ्यांना गॅलरीचे पास हवे असतात, विधानभवनाच्या पायऱ्यांवर फोटो हवा असतो आणि परतताना संत्रा बर्फी. भाऊ हातात फलक घेऊन पायऱ्यांवर घोषणा देतात, ते टीव्हीवर दिसतं. आत विधेयक येतं, गोंधळ होतो, ‘हो’चा आवाज मोठा ठरतो आणि विधेयक संमत. ज्या कायद्याने पुढची तीस वर्षं आमची जमीन मोजली जाणार, तो होत असताना भाऊ लॉबीत कोणाच्या तरी बदलीचं पत्र देत असतात.

आमदाराने कायद्याच्या बाजूने काम केलं तर काय होतं, याचंही उदाहरण आहे. वि. स. पागे १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम ही कल्पना त्यांची. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर कामी आला आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. त्यासाठी शहरातल्या पगारदारांवर १९७५ मध्ये व्यवसाय कर बसला. पगाराच्या चिठ्ठीवर दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापले जातात ना, तोच. २००५ मध्ये देशाने याच धर्तीवर कायदा केला. पागे यांनी किती दहाव्यांना हजेरी लावली, याची नोंद मला कुठे सापडली नाही.

‘अहो, पण पागे परिषदेवर होते, त्यांना दर पाच वर्षांनी मतं मागत दारोदार फिरायचं नव्हतं,’ असं भाऊ म्हणतात. मुद्दा बिनतोड वाटतो. अभ्यासू हे विशेषण आमच्याकडे बहुतेक वेळा ‘माजी’च्याच शेजारी दिसतं. भाऊ विधिमंडळाच्या ग्रंथालयात बसले तर लग्नातली खुर्ची रिकामी दिसेल आणि ‘निवडून आल्यावर फिरकले नाहीत’ असं म्हणणारे आम्हीच असू. पण मग सांगोल्याने गणपतराव देशमुखांना अकरा वेळा कसं निवडून दिलं? दुष्काळी तालुका, शेतकरी कामगार पक्षासारखा छोटा पक्ष, एसटीने फिरणारा आमदार, आणि सभागृहात पाण्यावर बोलायला उभा राहिला की मंत्र्याला कागद चाळायला लावणारा. हे नाव काढलं की भाऊ म्हणतात, ‘तो काळ वेगळा होता.’ काळ वेगळा होता खरा, पण गणपतराव अकराव्यांदा निवडून आले ते २००९ नंतर, म्हणजे भाऊंच्या हातात मोबाइल आला होता तेव्हा.

मी परवा हिय्या करून एक तारांकित प्रश्न लिहून नेला. नमुना विधिमंडळाचाच ठेवला : ‘(१) तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद रिक्त आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, ते भरण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली आहे वा करण्यात येत आहे, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ भाऊ साखरपुड्याला गेले होते. पीएने कागद वरपासून खालपर्यंत वाचला, मान डोलावली, लेटरहेड पुढे ओढलं आणि पेनाचं टोपण काढत विचारलं, ‘काका, पेशंटचं नाव काय टाकू?’